कॅमेऱ्याचा संसार

हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात नव्याने आलेल्याचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो, तो म्हणजे कोणता कॅमेरा घ्यावा; आणि त्याला मिळणारी उत्तरेही तितकीच ठरलेली असतात, कारण उत्तर देणारा बहुधा स्वतःच्या खांद्यावरचाच कॅमेरा सुचवतो. हे सल्ले खोटे नसतात, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी छायाचित्रासाठी दिलेले असतात. पंढरीच्या वाटेवर गर्दीत मिसळून चालणाऱ्याला जे उपकरण सोयीचे, ते ताडोब्यात जीपमध्ये बसून वाघाची वाट पाहणाऱ्याच्या कामाचे नसते आणि कासच्या पठारावर पायवाट न सोडता, गुडघे टेकून नखाएवढ्या फुलाचे चित्र घेणाऱ्याची गरज या दोघांहून वेगळी असते. म्हणून उपकरणाविषयीचा कोणताही सल्ला पारखताना तो कशासाठी, कोणत्या हवेत आणि किती ओझे वाहण्याच्या तयारीने दिला आहे, हे आधी पाहावे लागते. शिवाय हा सगळा खल खरेदीपाशी येऊन थांबतो. काढलेली छायाचित्रे पुढे ठेवायची कुठे आणि दहा वर्षांनी ती सापडणार कशी, या प्रश्नांकडे लक्ष जाते ते एखादी हार्ड डिस्क बंद पडल्यावर.

आपसात सल्लामसलत करण्याची ही रीत मुंबईत जुनी आहे. तेथे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी, जे पेशाने डॉक्टर आणि हौसेने छायाचित्रकार होते, तिचे सभासद होते. त्या काळी प्रचारात आलेली ओल्या कलोडियनची पद्धत इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केली होती. तीत काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरून ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्याच्या आत धुऊन चित्र उमटवायचे, असा सगळा खेळ काही मिनिटांचा असे. मुंबईच्या उन्हाळ्यात काच लंडनपेक्षा लवकर सुकणार, हे उघड आहे. विलायती पुस्तकातला वेळेचा हिशेब येथे जसाच्या तसा चालण्यासारखा नव्हता. पुढे हवेचा हा मुद्दा पुन्हा येईल, कारण पावणेदोनशे वर्षे होत आली तरी तो संपलेला नाही.

आजच्या कॅमेऱ्यात काचेच्या जागी संवेदक, म्हणजे प्रकाशाचे विजेत रूपांतर करणाऱ्या लाखो सूक्ष्म घटकांची चकती, आलेला असतो आणि खरेदीच्या चर्चेत सर्वाधिक वाद त्याच्या आकारावरून होतात. ‘फुल फ्रेम’ म्हटला जाणारा संवेदक ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. हे माप काही प्रकाशशास्त्राने सांगितलेले नाही. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट दुप्पट करून ऑस्कर बार्नाक या जर्मन तंत्रज्ञाने छोट्या कॅमेऱ्याचा नमुना केला, १९२५ मध्ये तो लायका या नावाने बाजारात आला आणि ती चौकटच पुढे प्रमाण ठरली. त्याहून लहान असलेला एपीएस-सी संवेदक सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटरचा आणि त्याहूनही लहान असलेला मायक्रो फोर थर्ड्‌स १७.३ × १३ मिलिमीटरचा असतो. मोठ्या संवेदकावर एकूण प्रकाश अधिक पडतो, त्यामुळे कमी उजेडात चित्रात दिसणारे रवाळ ठिपके, ज्यांना छायाचित्रकार ‘नॉइज’ म्हणतात, कमी राहतात. मात्र मोठ्या संवेदकाला मोठी लेन्स लागते, आणि मोठ्या लेन्सला खिसा आणि खांदा दोन्ही मजबूत लागतात.

लहान संवेदकाचा एक गुण पक्षी टिपणाऱ्यांना ठाऊक असतो. भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात तेव्हा होडी त्यांच्यापासून लांबच ठेवावी लागते. तेथे ५०० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स एपीएस-सी कॅमेऱ्यावर लावली, तर फुल फ्रेमवर ७५० मिलिमीटरची लेन्स जेवढा भाग दाखवील तेवढाच भाग चौकटीत येतो, कारण संवेदकाची बाजू दीडपट लहान असते. नाभीय अंतर म्हणजे दूरच्या वस्तूचे चित्र लेन्समागे जेवढ्या अंतरावर स्पष्ट उमटते ते माप. ते कॅमेरा बदलल्याने बदलत नाही. लेन्सने पक्षी मोठा केला असे येथे काहीच घडत नाही, चित्राच्या कडा तेवढ्या कातरल्या जातात. तरीही चौकटीतले सगळे पिक्सेल पक्ष्याच्या वाट्याला येतात आणि पाठीवरचे वजन दोन-तीन किलोंनी कमी होऊ शकते, हा लाभ पहाटे पाचला होडीत चढणाऱ्याच्या दृष्टीने थोडा नाही.

मेगापिक्सेलच्या आकड्याचे आकर्षण मात्र बरेचसे फसवे आहे. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख चित्रबिंदू. २४ मेगापिक्सेलच्या चित्रात साधारणपणे आडवे ६,००० आणि उभे ४,००० बिंदू असतात. उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरले, तर त्यातून २० इंच लांबीचे चित्र निघते. तोच आकडा दुपटीने वाढवून ४८ केला तर लांबी दुप्पट होत नाही, ती २८ इंचांपर्यंत जाते, कारण वाढ दोन्ही दिशांना वाटली जाते. घरच्या भिंतीवर बारा बाय अठराची तसबीर लावायची असेल, तर सुमारे १९ मेगापिक्सेल पुरतात, आणि बहुतेक चित्रे तर हातातल्या फोनच्या पडद्यापलीकडे कधी जातही नाहीत. अधिकचे मेगापिक्सेल अगदीच निरुपयोगी नव्हेत, चित्र कातरून त्यातला एखादाच भाग वापरायचा असेल तर ते उपयोगी पडतात. पण प्रत्येक चित्राबरोबर साठवणुकीचा खर्च ते वाढवतात, हे दुकानात कुणी सांगत नाही.

अनुभवी मंडळी पैसे कॅमेऱ्यापेक्षा लेन्सवर घालावेत असे म्हणतात, आणि हा सल्ला बहुतांशी टिकणारा आहे. लेन्सच्या छिद्राचे माप एफ-क्रमांकाने सांगतात. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की तो क्रमांक मिळतो, म्हणून क्रमांक जितका लहान तितके छिद्र मोठे. ५० मिलिमीटर एफ/१.८ ही स्वस्त आणि हलकी लेन्स पूर्ण उघडली की तिचे छिद्र सुमारे २८ मिलिमीटरचे होते, तर कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिलिमीटरची नेहमीची लेन्स ५५ वर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, म्हणजे छिद्र दहा मिलिमीटरहूनही लहान. प्रकाशाचे प्रमाण क्रमांकांच्या वर्गाच्या व्यस्त असते, त्यामुळे पहिल्या लेन्सने साडेनऊपटीहून अधिक उजेड आत येतो. दिवाळीत अंगणातल्या पणत्यांच्या उजेडात बसलेल्या आजीचे चित्र दुसऱ्या लेन्सने घेताना शटर एक दशांश सेकंद उघडे ठेवावे लागत असेल, तर पहिलीने ते जवळपास एक शतांश सेकंदात होते, आणि आजी मान वळवून कुणाशी बोलली तरी चेहरा हलत नाही.

लेन्स कॅमेऱ्यापेक्षा दीर्घायुषीही असते. निकॉनने एफ-माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याचे आपले कडे, १९५९ मध्ये आणले आणि कॅननने ईएफ हे कडे १९८७ मध्ये. आरसा काढून टाकलेल्या ‘मिररलेस’ कॅमेऱ्यांसाठी २०१८ मध्ये दोघांनीही नवी कडी आणली. आरसा गेल्यामुळे कडे आणि संवेदक यांतले अंतर निकॉनच्या बाबतीत ४६.५ मिलिमीटरवरून १६ वर आले, आणि म्हणूनच मधली रिकामी जागा भरून काढणारी जोडकडी वापरून जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते. उलट दिशेने ते जमत नाही. या स्थित्यंतरामुळे चांगल्या जुन्या लेन्स वापरलेल्या मालाच्या बाजारात येत असतात. अशी लेन्स घेताना वरचे ओरखडे पाहण्यापेक्षा तिच्या मागून तिरपा टॉर्च मारून आत पाहावे. धुळीचे चार कण दिसले तर त्याने काही बिघडत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे काचेच्या कडेवरून आत पसरलेले दिसले, तर तो सौदा सोडून द्यावा.

ते धागे बुरशीचे असतात, आणि कोकणपट्टीत राहणाऱ्या छायाचित्रकाराचा खरा शत्रू तीच असते. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांना अंधार, न हलणारी हवा आणि दमटपणा मिळाला की काचेवरच्या धुळीवर आणि बोटांच्या तेलकट ठशांवर ते वाढू लागतात. वाढताना त्यांतून आम्ल पाझरते आणि ते काचेवरचा लेप, क्वचित काचही, खाते. मग बुरशी पुसून काढली तरी तिचा नकाशा राहतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जितकी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे ते प्रमाण, ६० ते ६५ टक्क्यांच्या वर सातत्याने राहिली की धोका सुरू होतो. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी येथे जून ते सप्टेंबर ती ८० च्या वरच वावरत असते. थंड, कोरड्या प्रदेशात लिहिलेल्या मार्गदर्शिकांत या गोष्टीला दोन ओळी मिळतात. येथे ती खरेदीच्या यादीत कॅमेऱ्याच्या खालोखाल असायला हवी.

विजेवर चालणारे, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राखणारे ‘ड्राय कॅबिनेट’ हा सुखाचा उपाय आहे, पण घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पिशव्या आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढ्यावरही काम भागते. सिलिका जेल हे पाणी शोषणारे खडे. निळ्या जातीचे खडे पाणी पिऊन गुलाबी झाले की त्यांची ताकद संपली असे समजावे आणि ओव्हनमध्ये १०० ते १२० अंश सेल्सियसला तापवून ते पुन्हा निळे करून घ्यावेत. हा निळा रंग ज्या कोबाल्टच्या क्षाराने येतो तो विषारी असल्याने त्यासाठी स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत. घरगुती शहाणपणाचे दोन उपाय मात्र टाळलेले बरे : लेन्स तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली की तांदळाचा भुगा तिच्या कड्यांत शिरतो, आणि कपाटात कपड्यांसाठी ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांजवळ कॅमेरा ठेवू नये, असे तर उत्पादकच आपल्या माहितीपुस्तिकांत बजावतात. कॅमेऱ्याबरोबर येणारी चामड्याची देखणी पेटी ओल धरून ठेवते, त्यामुळे ती प्रवासापुरतीच वापरावी. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कॅमेरा वापरत राहणे. उजेडात आणि वाऱ्यावर फिरणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही.

आता चित्र काढल्यानंतरचा भाग. संवेदकाच्या घटकांना रंग कळत नाही, त्यांना प्रकाशाचे फक्त प्रमाण कळते. म्हणून त्यांच्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची एक जाळी बसवलेली असते, जिच्यात निम्म्या गाळण्या हिरव्या आणि उरलेल्या दोन रंगांना प्रत्येकी एक चतुर्थांश जागा असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर याला या रचनेचे पेटंट १९७६ मध्ये मिळाले. या जाळीतून आलेल्या कच्च्या नोंदी जशाच्या तशा ठेवल्या तर त्या फाइलला ‘रॉ’ म्हणतात. कॅमेऱ्यानेच त्यांवर रंगसंस्कार करून, आकार लहान करून दिला तर ती ‘जेपेग’. रॉमध्ये प्रत्येक बिंदूची उजळी बहुधा १४ बिटांत, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांत नोंदलेली असते, तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्याच असतात. त्यामुळे भर दुपारी मंदिराच्या गाभाऱ्यात काढलेल्या चित्रातला अंधार रॉमधून हळूच उजळता येतो. जेपेगमध्ये तेच केले की काळपट भागात पट्टे उमटतात.

तरीही जेपेग टाकाऊ नव्हे. १९९२ च्या या प्रमाणपद्धतीच्या मुळाशी डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म नावाचे गणित आहे. मूळचे बंगळुरूचे नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह ते १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून प्रत्येकातले सावकाश बदलणारे आणि झपाट्याने बदलणारे भाग वेगळे करायचे आणि डोळ्याला फारसे न जाणवणारे बारकावे कमी अचूकतेने नोंदवायचे, असे तिचे सूत्र आहे. जेपेग नुसती उघडल्याने किंवा दुसरीकडे उतरवल्याने खराब होते, हा समज चुकीचा आहे. ती खालावते ती प्रत्येक वेळी काही बदल करून पुन्हा साठवल्याने. चित्रे जशी निघाली तशीच नातेवाइकांना पाठवायची असतील, तर रॉचा हट्ट धरण्याचे कारण नाही.

हट्ट महाग पडतो, तो साठवणुकीत. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते. सेकंदाला दहा चित्रे घेणारा कॅमेरा रोहितांचे उड्डाण टिपताना दहा सेकंद चालू राहिला, तर शंभर चित्रे आणि जवळपास तीन जीबी खर्ची पडतात. अशा एका सकाळीत दोन हजार चित्रे होणे मुळीच अवघड नाही. आणि येथे एक बारीक खाच आहे. कॅमेऱ्याची फाइलनावे ठराविक प्रमाणानुसार चार अक्षरे आणि चार अंक अशी असतात. ९९९९ नंतर आकडा पुन्हा ०००१ वर येतो. पाच सकाळींत ही फेरी पूर्ण होते, आणि नव्या चित्रांना जुन्याच चित्रांची नावे मिळतात. सगळे एकाच फोल्डरमध्ये ओतणाऱ्याला संगणक जेव्हा ‘या नावाची फाइल आहे, बदलू का?’ असे विचारतो, तेव्हा घाईत दिलेला होकार गेल्या वर्षीची सकाळ पुसून टाकतो.

यावर उपाय साधा आहे : प्रत्येक भेटीचे फोल्डर वेगळे, आणि त्याचे नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, शेवटी ठिकाण अशा क्रमाने, उदाहरणार्थ ‘२०२४-११-१७ भिगवण’. दिवस आधी लिहिण्याची आपली नेहमीची सवय येथे चालत नाही, कारण संगणक नावे डावीकडून लावतो आणि मग सगळ्या वर्षांच्या सतरा तारखा एकत्र येतात. त्यानंतर छाटणी. ती त्याच आठवड्यात करावी आणि पहिल्या फेरीत फक्त उघड बिघडलेली चित्रे काढावीत. सरस-नीरस ठरवायला थोडे दिवस गेलेले चांगले, कारण काढतानाची दगदग ताजी असेपर्यंत प्रत्येक चित्र मोलाचे वाटते.

फोल्डर ठिकाण सांगते, विषय सांगत नाही. त्यासाठी चित्राच्या फाइलमध्येच शोधशब्द लिहिण्याची सोय असते. तारीख, शटरचा वेग, लेन्स ही माहिती कॅमेरा ‘एक्झिफ’ नावाच्या नोंदीत आपोआप भरतो, पण समोरचा पक्षी कोणता हे त्याला सांगावे लागते. मराठी छायाचित्रकाराची गंमत अशी की एकच पक्षी कधी ‘रोहित’, कधी ‘अग्निपंख’, कधी ‘फ्लेमिंगो’ म्हणून नोंदला जातो आणि शोध घेतल्यावर एक तृतीयांशच चित्रे हाती लागतात. शब्द एकच ठरवावा, किंवा ‘फिनिकॉप्टेरस रोझियस’ हे शास्त्रीय नाव जोडीला द्यावे. डिजीकॅमसारख्या मोफत प्रणालीतही हे काम होते. एक्झिफमध्ये चित्राचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. घरट्याचे किंवा दुर्मीळ प्राण्याचे चित्र जगापुढे ठेवताना ते काढून टाकावेत, नाहीतर शिकाऱ्यालाच पत्ता दिल्यासारखे होते.

प्रती किती ठेवाव्यात याविषयी अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रो याने रूढ केलेला ३-२-१ चा नियम सर्वत्र मानला जातो : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. शेवटची अट लोकांना अतिरेकी वाटते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पाणी घराघरांत शिरले; अशा वेळी एकाच कपाटातल्या तीन हार्ड डिस्क एकाच वेळी भिजतात. लॅपटॉप आणि त्याची जादा डिस्क एकाच पिशवीतून नेणाऱ्याचा हिशेबही चोराच्या दृष्टीने एकच प्रत असा होतो. इंटरनेटवरची साठवण ही तिसरी प्रत होऊ शकते, पण ती कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे. फोनशी जुळलेली साठवण बऱ्याचदा नक्कल ठेवत नाही, आरशासारखी वागते. फोनवर पुसलेले तिकडेही पुसले जाते. फुकटाच्या अटीही बदलतात : गूगल फोटोजची २०१५ पासूनची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ रोजी बंद झाली. व्हॉट्सॲपवर पाठवलेले चित्र लहान होऊन जाते आणि त्याच्या नोंदी गळतात, त्यामुळे गटात टाकलेली छायाचित्रे ही प्रत म्हणून मोजताच येत नाहीत.

न तपासलेली प्रत असून नसल्यासारखीच असते, आणि या तपासणीला मराठी घरात एक सोयीचा दिवस आहे. दसऱ्याला हत्यारांबरोबर कॅमेऱ्याचीही पूजा होते, आणि तो येतो नेमका पावसाळा सरता-सरता. त्या दिवशी डबा उघडून प्रत्येक लेन्समधून टॉर्च फिरवता येतो, गुलाबी झालेले खडे तापवता येतात आणि जादा हार्ड डिस्क दुसऱ्याच एखाद्या संगणकाला जोडून पाच वर्षांपूर्वीचे कोणतेही एक फोल्डर उघडून पाहता येते. हळदीकुंकू मात्र पट्ट्याला किंवा लेन्सच्या टोपणाला लावावे. झूमच्या कड्यात गेलेले कुंकू कितीही झटकले तरी पुढच्या दसऱ्यापर्यंत निघत नाही.